मनगट

दुपारी चार मजले चढून घरात आले आणि लक्षात आलं, घड्याळ चार्जिंगलाच राहिलंय. मनात पहिली ओळ उमटली ती अशी: अरेरे, जिने फुकट गेले.

फुकट! पाय माझे, धाप माझी, गुडघ्यांची कुरकुरही माझीच. पण नोंद नाही म्हणजे चढलेच नाही. हल्ली झोप नीट लागली की नाही हेही सकाळी फोन बघितल्याशिवाय मला सांगता येत नाही. गुण कमी पडले की त्याच पडद्यावर डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवरच्या क्रीमची जाहिरात येते. योगायोग असेल. रात्री साडेअकराला तीनशे पावलं कमी पडली म्हणून मी स्वयंपाकघर ते बाल्कनी अशा येरझाऱ्या घातल्यात. एकदा तर दात घासताना घड्याळाचा हात उगाच जोरजोरात हलवून पन्नासेक मिळवली.

दहा हजार पावलं चाला असं कुठल्या वैद्याने सांगितलं, म्हणून शोधायला गेले. निघालं ते एक यंत्र. टोकियो ऑलिम्पिकच्या पुढच्या वर्षी, १९६५मध्ये, जपानमध्ये पावलं मोजणारं उपकरण विकायला आलं. नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा रूढ झाला तो तिथून. म्हणजे मी रात्री पाळते ते पथ्य नव्हे, मालाचं नाव!

आजीलाही मनगटच लागायचं. मी दारातून आत पाऊल टाकलं की अंगठा आणि मधल्या बोटाचं कडं करून ती ते माझ्या मनगटात घालायची आणि कोपराकडे सरकवत न्यायची. तिचे हात कायम ओलसर, गार. कडं अडेल तिथे थांबायची, आणि निकाल: "वाळलीस गं." गोवरातून उठले तेव्हा हेच, आणि सुट्टीभर हादडून गाल वर आले होते तेव्हाही हेच. आई हसायची, मी हात सोडवून पळायचे. पुढे पुढे माझा हात चांगलाच भरला, तिची बोटं वाकडी झाली, कडं मनगटालाच पुरेना. मधली फट तिला दिसत असणारच. तरी म्हणाली, "किती वाळलीस."

घड्याळाचाही निकाल तसा ठरलेलाच: अजून थोडं. फक्त ते सांगताना हात धरत नाही.

आज मनगट मोकळं होतं. पट्ट्याखालची कातडी फिकट पडलीय, आंघोळीनंतर बोटं सुरकुततात तशी जराशी. कुणी बघत नाही असं पाहून मी उजव्या हाताचं कडं केलं आणि डाव्या मनगटावर चढवलं. दोन बोटं वर सरकलं आणि अडलं.

मग घड्याळ बांधलं आणि चार मजले पुन्हा खाली उतरले.