मुंढा जमेपर्यंत

लग्नाआधीपासून मी शेजारपाजारच्या बायकांचे ब्लाउज शिवत असले, तरी ‘काखेत चुण्या का पडतात?’ या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला कधी देता आले नव्हते; म्हणून वयाच्या ३६व्या वर्षी मी तालुक्याच्या शासकीय आयटीआयमध्ये सुइंग टेक्नॉलॉजी, म्हणजे शिवणकामाच्या, एक वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज केला. अर्ज ऑनलाइन होता आणि तो भरायला वेळ लागला नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव व आधार कार्डावर सासरचे, एवढ्या एका कारणाने मात्र कागदपत्र पडताळणी अडली आणि विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र आणून दिल्यावरच प्रवेश पक्का झाला. माझ्यासारख्यांनी ते आधीच काढून ठेवावे.

पहिले काही आठवडे मशीनला हातही लागला नाही, कारण आधी धावदोरा, उलटी टीप, हेम, काजे हे सारे हातानेच घालायचे होते. त्यानंतर तपकिरी कागदावर ड्राफ्टिंग, म्हणजे मापांवरून कपड्याचा नमुना आखणे, सुरू झाले आणि तिथेच माझी खरी परीक्षा लागली. मी आजवर जुना ब्लाउज कापडावर पसरून, अंदाजाने माया (शिलाईसाठीचे जादा कापड) सोडून बेतत आले होते. इथे छाती ३४ इंच असेल तर तिचा चौथा भाग म्हणजे साडेआठ इंच, त्यात सैलपणा किती आणि शिलाईची माया किती, हे वेगवेगळे लिहून दाखवावे लागे. हाताला लागलेली सवय विसरायला लावणे फार जड जाते. माझे पहिले तीन ड्राफ्ट निदेशक मॅडमनी परत केले.

चौथ्या वेळी त्यांनी माझाच एक ब्लाउज उसवायला लावला. मी पुढचा आणि मागचा भाग एकावर एक ठेवून दोन्ही मुंढे (बाही जोडायच्या जागेची गोलाई) एकाच कात्रीत कापत असे. प्रत्यक्षात पुढचा मुंढा मागच्यापेक्षा थोडा अधिक खोल घ्यावा लागतो आणि बाहीची गोलाईही पुढच्या बाजूला तशीच उतरवावी लागते, नाहीतर तेवढे जादा कापड काखेसमोर गोळा होते. इतक्या वर्षांच्या तक्रारीचे मूळ अर्ध्या-पाऊण इंचात होते, हे कळल्यावर मला त्या दिवशी दुसरे काही सुचले नाही.

कापडाचा उभा धागा काठाला समांतर धरणे, गळ्याची पट्टी उरेब (तिरकी) कापणे, सुती कापड बेतण्याआधी भिजवून घेणे, हेही मी तिथेच कारणासह शिकले. घर सांभाळून ८० टक्के हजेरी भरणे सोपे नव्हते. वार्षिक परीक्षेतला संगणकावरचा लेखी भाग मला अवघड गेला, प्रात्यक्षिकाची मात्र भीती वाटली नाही.

आता प्रत्येक गिऱ्हाइकाचा कागदी ड्राफ्ट, त्यावर नाव, माप व तारीख लिहून, मी मशीनशेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवते आणि पुढचा मुंढा त्यावर लाल पेन्सिलीने काढते.