पोस्टग्रेस गेलं, त्याचा ११३ नंबर राहिला

आमच्या डेबियन १२ (लिनक्स) च्या सर्व्हरवरून पोस्टग्रेस हा डेटाबेस काढायला पाच मिनिटंही लागली नाहीत. 'एपीटी रिमूव्ह' केलं, झालं. मग पासवड फाइल (सर्व युजरची यादी) उघडली तर पोस्टग्रेस युजर तिथेच, शेलही बॅश, म्हणजे लॉगिन करता येईल असं. मला अशी अडगळ खपत नाही. लगेच युजर काढणारी 'डेलयूजर' कमांड चालवली. इथेच घाई झाली.

काही आठवड्यांनी रेडिस हा दुसरा डेटाबेस टाकला. नंतर एकदा सहज 'व्हार-लिब'मध्ये (प्रोग्रामचा डेटा असतो त्या फोल्डरमध्ये) पाहिलं, तर पोस्टग्रेसच्या जुन्या डेटा फोल्डरचा मालक रेडिस! रिमूव्ह केल्याने डेटा जात नाही, तो तिथेच होता. पण रेडिसचा त्याच्याशी संबंध काय?

दोन संध्याकाळी यात गेल्या. बेवारस फाइली शोधायला 'फाइंड' या शोध-कमांडला 'नोयूजर' पर्याय आहे, तो चालवला. काहीच सापडलं नाही. पॅकेज चुकीचं बसलं असेल म्हणून रेडिस काढून पुन्हा टाकलं, तरी तेच. शेवटी बॅकअपमधली जुनी पासवड फाइल उघडली. पोस्टग्रेससमोर युजर नंबर ११३. आताच्या फाइलमध्ये रेडिससमोर ११३! डिस्कवर मालकाचं नाव नसतं, फक्त नंबर असतो. 'अ‍ॅडयूजर' सिस्टिम खात्याला (रेडिससारख्या प्रोग्रामच्या युजरला) १०० पासून पुढचा पहिला रिकामा नंबर देतं, आणि ११३ मीच रिकामा केला होता. नंबराला पुन्हा मालक मिळाला, म्हणून 'नोयूजर'ला काही दिसेना. म्हणजे इतके दिवस ग्राहकांचा जुना डेटा रेडिसच्या प्रोसेसला वाचता आला असता. अंगावर काटा आला.

डेटाचा मालक रूट केला, परवानगी ७०० (फक्त मालकाला) ठेवली, तेव्हा जीव भांड्यात पडला.

म्हणून युजर उडवण्याआधी त्याच्या नावाने 'फाइंड' चालवा. त्याला 'एक्सडेव्ह' पर्याय लावलात तर वेगळ्या माउंट केलेल्या डिस्क सुटतात, त्या स्वतंत्र शोधा. त्या युजरचा क्रॉनटॅबही (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) बघा. फाइली सापडल्या तर युजर राहू द्या, फक्त लॉक करून शेल 'नोलॉगिन' करा, म्हणजे लॉगिन होणार नाही. पासवड फाइलमध्ये एक जास्तीची ओळ राहिल्याने काही बिघडत नाही, हे मला आता पटलंय.

आणि हो, १०० च्या खालच्या नंबरांना हात लावू नका. ते डेबियनने ठरवून दिलेले असतात, '३३' म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, वेब सर्व्हरचा युजर.