स्लॅब गळतोय, पण यू-डायसवर खोली 'चांगली'

जिल्हा परिषद शाळेच्या दुरुस्तीचा प्रस्ताव लिहायला बसण्याआधी यू-डायस प्लस, म्हणजे शाळांची माहिती भरायचं सरकारी पोर्टल, उघडा. खोली चांगली, किरकोळ दुरुस्तीची की मोठ्या दुरुस्तीची, हे तिथे भरलेलं असतं. बरेचदा गेल्या वर्षीचीच माहिती पुढे ढकलली जाते आणि सळ्या उघड्या पडलेली खोली कागदावर धडधाकट राहते. मग प्रस्ताव एक सांगतो नि पोर्टल दुसरं, आणि फाईलवर शेरा पडतो.

समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेतून शाळेला मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानावर स्लॅबचं काम निघत नाही. 31 ते 100 पटाला 25 हजार, 101 ते 250 पटाला 50 हजार, त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर. कौलं, नळ, दाराच्या कड्या एवढंच त्यात बसतं. मोठ्या दुरुस्तीसाठी जिल्हा वार्षिक योजनेकडे किंवा समग्र शिक्षाच्या आराखड्यातच मागणी लावावी लागते. सोबत शाळा व्यवस्थापन समितीचा आणि ग्रामपंचायतीचा ठराव, नमुना 8 चा (ग्रामपंचायतीच्या मिळकत नोंदीचा) उतारा. जागा दान मिळालेली पण कधीच नावावर न चढलेली असेल, तर ते आधी निस्तरा.

'छत गळते, दुरुस्ती व्हावी' एवढ्यावर शाखा अभियंता एस्टिमेट काय करणार? खोली क्रमांक, बांधकामाचं वर्ष, मापं द्या. पॅरापेटच्या (छताच्या कडेच्या बुटक्या भिंतीच्या) आत 6 बाय 5 मीटर स्लॅब म्हणजे 30 चौरस मीटर. वॉटरप्रूफिंग पॅरापेटवर 30 सेंटिमीटर चढवायचं, त्याचे आणखी 6.6 चौरस मीटर. नेमके हेच एस्टिमेटमधून सुटतात आणि पाणी त्याच सांध्यातून शिरतं. उताराचा कोबा आणि पन्हाळीचे पाइपही त्यात आहेत ना, बघून घ्या. खालून नुसतं प्लास्टर मारून घेणं म्हणजे पैसे पाण्यात: सळई गंजून फुगते आणि ते पुन्हा पाडते. आधी वरचं पाणी थांबवायचं, मग सळई घासून खालचं काम.

खोली धोकादायक ठरली असेल, तर दुरुस्तीचा नाही, निर्लेखनाचा (नोंदीतून कमी करून पाडण्याचा) प्रस्ताव करा. मंजुरीआधी भिंतीला हात लावू नका. जुन्या कौलांचा, वाशांचाही हिशोब द्यावा लागतो.

आणि गळतीचे फोटो जुलै-ऑगस्टमध्येच काढा, खोली क्रमांकाची पाटी फ्रेममध्ये घेऊन. फेब्रुवारीत पाहणीला आलेल्या माणसाला छत कोरडं ठणठणीत दिसतं.