मात्सुमोतोची स्ट्रॅटोकॅस्टर विकताना

जपानमध्ये बनलेली फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकॅस्टर ही इलेक्ट्रिक गिटार म्हणजे अमेरिकन गिटारची स्वस्तातली नक्कल, असे मानणारे लोक आजही भेटतात. माझ्याकडे अनेक वर्षे असलेली आणि गेल्या हिवाळ्यात मी विकलेली एसटी-62, म्हणजे 1962 च्या नमुन्यावरची स्ट्रॅटोकॅस्टर, जपानमधील मात्सुमोतो शहरातल्या फुजिगेन कारखान्यात तयार झाली होती, आणि तिच्या सहवासात हे मत मला कधीच पटले नाही.

सत्तरच्या दशकात अमेरिकेत फेंडरच्या कामाचा दर्जा घसरत गेला, तर त्याच सुमारास तोकाई आणि ग्रेको ही जपानी नावे पन्नास-साठच्या दशकांतील स्ट्रॅटोकॅस्टरच्या इतक्या चोख प्रतिकृती बाजारात आणू लागली की खुद्द फेंडरला त्यांची दखल घ्यावी लागली. 1982 मध्ये फेंडरने कान्दा शोकाई आणि यामानो गाक्की या जपानी व्यापारी संस्थांबरोबर भागीदारीत फेंडर जपान कंपनी स्थापन केली आणि गिटारी घडवण्याचे काम नागानो प्रांतातील फुजिगेनकडे दिले. पुढे 1985 मध्ये फेंडरची तेव्हाची मालक असलेल्या सीबीएस या अमेरिकन कंपनीने फेंडर तिच्याच व्यवस्थापकांना विकली, तेव्हा अमेरिकेतील फुलर्टनचा कारखाना त्या व्यवहारात नव्हता, त्यामुळे काही काळ फेंडरच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक गिटारी जपानमधूनच येत होत्या. माझ्या गिटारचा क्रमांक ‘ई’ या अक्षराने सुरू होत होता, म्हणजे ती 1984 ते 1987 या काळातली होती.

ती मी तोक्योतील ओचानोमिझूच्या, मेइजी विद्यापीठाजवळच्या वाद्यांच्या रस्त्यावर जुन्या मालातून घेतली. नेक, म्हणजे गिटारची मान, देहाच्या ज्या खाचेत बसतो तिथे कडेला कागदाची कडही शिरत नव्हती, आणि फ्रेटच्या, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, टोकांवरून तळहात कितीही वेगाने फिरवला तरी कुठे बोचत नसे. तोक्योच्या निशिकासाई भागातल्या आमच्या घराच्या भिंती पातळ असल्याने मी बहुतेक वेळा हेडफोन लावूनच वाजवत असे. ॲम्प्लिफायर न लावता नुसती छेडली तरी या गिटारचा देह छातीला थरथरताना जाणवे, आणि तो स्पर्श मला तिच्या आवाजाइतकाच प्रिय होता.

मग मी ती विकली का? कारण तिच्या फिंगरबोर्डच्या, म्हणजे नेकवर बोटे दाबतो त्या पृष्ठभागाच्या, गोलाईत आहे. मूळ 1962 च्या नमुन्याप्रमाणे या गिटारच्या बोर्डाच्या गोलाईची त्रिज्या 184 मिलिमीटर आहे, म्हणजे तो आजच्या बहुतेक गिटारींपेक्षा बराच गोलसर आहे. पहिल्या बोटाने सगळ्या तारा दाबून कॉर्ड धरताना ही गोलाई बोटाला फार सोयीची पडते. मात्र वरच्या फ्रेटवर पहिली तार दाबून तिसऱ्या तारेच्या दिशेने खेचली की ती बोर्डाच्या मधल्या उंचवट्यावर चढते, पुढच्या एखाद्या फ्रेटला टेकते आणि सूर मध्येच गुदमरतो. मी हळूहळू रागसंगीतातील लांब मींड गिटारवर काढण्याकडे वळलो होतो, आणि दीड-दोन स्वरांची खेच हाच माझ्या वादनाचा गाभा झाला होता. तारांची उंची वाढवली की सूर मोकळा होई, पण अर्ध्या तासात डावा हात भरून येई.

बोर्ड तासून सपाट करणे आणि नवे फ्रेट बसवणे हा उपाय होता, आणि एका कुशल कारागिराने तो करून देण्याची तयारीही दाखवली होती. मला ते मान्य नव्हते. त्या नेकची गोलाई कारखान्यात ठरवून घडवलेली होती आणि एकदा तासलेले लाकूड परत येत नाही. माझ्या सोयीसाठी तिला बदलण्यापेक्षा तिची गोलाई ज्याच्या हाताला मानवेल त्याच्याकडे ती जावी, असे मला मनापासून वाटले.

दुकानात किंमत विचारायला गेलो तेव्हा तपासणाऱ्याने नेक उतरवून आतील शिक्का पाहिला, पिकअप (तारांची कंपने टिपणारे चुंबकीय भाग) आणि पोटेंशिओमीटर (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणांखालचे भाग) मूळचेच आहेत का ते पाहिले आणि खुंट्या बदललेल्या असल्याची नोंद केली. मूळ खुंट्या मी पिशवीत जपून ठेवल्या होत्या, हे ऐकून त्याने आकडा वाढवला. जुन्या मालाच्या कायद्यानुसार तिथे ओळखपत्र दाखवावे लागते, त्यात अडचण नव्हती. पण पुढे ती कोणाकडे जाईल हे मला कळणार नव्हते, म्हणून मी थेट विकण्याचे ठरवले.

घेणारा तरुण तासावर भाड्याने मिळणाऱ्या सरावाच्या खोलीत भेटला. तिथे रोलंड कंपनीचा जेसी-120 हा ॲम्प्लिफायर होता. जपानमध्ये जवळपास प्रत्येक सरावखोलीत तो असतो, आणि त्याचा आवाज इतका स्वच्छ आहे की गिटारचे दोष लपत नाहीत. त्या तरुणाने सोलो वाजवलाच नाही. मधला आणि ब्रिजजवळचा पिकअप एकत्र लावून तो बराच वेळ फक्त कॉर्डचा ठेका धरून वाजवत राहिला, आणि त्याचे पहिले बोट त्या गोलाईवर अगदी सहज बसत होते.

किंमत ठरली. मी केस, मूळ खुंट्या आणि ट्रेमोलोचा (सूर हलवण्याचा) दांडा त्याच्या हवाली केला. या नमुन्यात ट्रस रॉडचे, म्हणजे नेकच्या आतून जाणाऱ्या आणि त्याचा बाक सावरणाऱ्या सळीचे, तोंड नेकच्या देहाकडच्या टोकाला असते, त्यामुळे दमट उन्हाळ्यात किंवा कोरड्या हिवाळ्यात नेकचा बाक बदलला तर आधी तारा सैल करून नेक धरून ठेवणारे मागचे चारही स्क्रू काढावेत आणि रॉड एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये, हे मी त्याला दोनदा सांगितले. त्याने ते फोनमध्ये लिहून घेतले आणि तारा कोणत्या जाडीच्या आहेत ते विचारले.