एका केसवरून काय सिद्ध होतं?

मानसोपचाराच्या इतिहासातली सगळ्यांत गाजलेली केस म्हणजे अॅना ओ. तिच्यावर डॉक्टर ब्रॉयर यांनी १८८० ते १८८२ या काळात उपचार केले आणि ब्रॉयर व फ्रॉइड यांच्या पुस्तकात ती केस १८९५ साली छापून आली. 'बोलून बरी झालेली' रुग्ण म्हणून तिचा दाखला अनेक दशकं दिला गेला. पुढे १९७०च्या दशकात इतिहासकार हेन्री एलेनबर्गर यांनी स्वित्झर्लंडमधल्या एका सॅनेटोरियमची जुनी कागदपत्रं शोधून काढली. ब्रॉयरचे उपचार संपल्यावर लगेचच, १८८२च्या उन्हाळ्यात, तिला तिथे दाखल करावं लागलं होतं.

ब्रॉयर खोटारडे होते असा याचा अर्थ नाही. शेवट ठरवून, आठवणीवर विसंबून, एकट्या थेरपिस्टने लिहिलेल्या केसचं असंच होतं. मधले अडलेले महिने गळून जातात आणि सगळं एका ओळीत सुरेख बसतं. म्हणून केस स्टडीला पुरावा म्हणायचं असेल, तर केसची निवड आणि नोंदी निकाल कळायच्या आधी व्हायला हव्यात. ही अट पाळली नाही, तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

नोंदी म्हणजे नेमकं काय? सत्रांचं रेकॉर्डिंग, एखादी प्रमाणित प्रश्नावली आणि क्लायंटच्या स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या साधारण दहा तक्रारी. या तक्रारींना क्लायंटने दर आठवड्याला १ ते ७ गुण द्यायचे, जास्त त्रास म्हणजे जास्त गुण. प्रत्येक तक्रार किती वर्षांपासून आहे, हे पहिल्याच भेटीत लिहून घ्या. बारा वर्षं जागची न हललेली तक्रार आठव्या सत्रानंतर हलली, तर त्या बदलाला वजन येतं. दोन महिन्यांपूर्वीची तक्रार आपोआपही ओसरू शकते. उपचार सुरू होण्याआधी किमान ३, जमल्यास ५ मोजमापं घ्या. माणसं बहुधा सर्वांत वाईट काळात मदत मागायला येतात, त्यामुळे काहीही केलं नाही तरी गुण थोडे उतरतातच. एकाच मोजमापावर आधार ठेवला तर हे उतरणं उपचारांच्या खात्यावर जमा होतं.

इथली एक नेहमीची चूक सांगायलाच हवी. पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी प्रश्नावली मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. ती दर आठवड्याला भरून घेतली, की लागोपाठच्या दोन गुणांमध्ये एक आठवडा सामाईक राहतो आणि नेमका कुठल्या आठवड्यात बदल झाला ते धूसर होतं.

आता समजा, एखाद्या प्रश्नावलीवरचे गुण १७ वरून १२ वर आले. हा बदल खरा की मोजमापातली थरथर? जेकबसन आणि ट्रुअॅक्स यांनी १९९१ साली मांडलेला हिशेब इथे कामाला येतो. या प्रश्नावलीचं प्रमाण विचलन (लोकांचे गुण सरासरीभोवती किती पसरतात ते) ६ आणि विश्वसनीयता (मोजमाप किती सातत्याचं आहे ते, ० ते १ मध्ये) ०.८५ आहे असं धरू. १ मधून ०.८५ वजा करून उरलेल्या ०.१५चं वर्गमूळ घ्या आणि त्याला ६ने गुणा. साधारण २.३२ येतात, ही झाली मोजमापाची प्रमाण त्रुटी. तिला २च्या वर्गमुळाने, म्हणजे १.४१ने, आणि मग १.९६ने (९५ टक्के खात्रीसाठीचा आकडा) गुणलं की ६.४ मिळतात. म्हणजे या प्रश्नावलीवर ५ गुणांची घट पुरेशी नाही, किमान ७ हवेत. अनेक 'यशस्वी' केसेस या एका हिशेबापाशीच थांबतात.

बदल खरा ठरला, तरी तो उपचारांमुळेच झाला हे अजून ठरायचं असतं. मानसोपचारांचे संशोधक रॉबर्ट एलियट यांनी २००२ साली मांडलेल्या आणि पुढे वाढवलेल्या पद्धतीत यासाठी दोन बाजू मांडतात. एक गट उपचारांमुळेच बदल झाला असं मांडतो, तर दुसरा प्रामाणिकपणे उलटतपासणी करतो: क्लायंट थेरपिस्टला बरं वाटावं म्हणून बोलतोय का? नोकरी बदलली का? औषध सुरू झालं का? नुसती आशाच काम करतेय का? शेवटी तटस्थ लोक निवाडा देतात. दुसऱ्या गटाने नुसती औपचारिकता पाळली, तर हा खटला लुटूपुटूचा होतो.

शेवटची मुलाखतही थेरपिस्टने नव्हे, तर दुसऱ्या कुणीतरी घ्यावी. प्रत्येक बदलाबद्दल तीन गोष्टी विचारायच्या: हा बदल अपेक्षित होता की अनपेक्षित, उपचार नसते तरी तो झाला असता का, आणि तो किती महत्त्वाचा वाटतो. 'खूप फरक पडला' एवढ्यावर समाधान मानू नका. कुठल्या सत्रातल्या कुठल्या बोलण्याने, असं खोदून विचारा. अनपेक्षित बदल आणि नेमका तपशील, हीच इथली खरी मिळकत.

'एकच माणूस, मग निष्कर्ष सगळ्यांना कसा लावणार?' हा आक्षेप रास्त आहे, पण तो प्रश्नच वेगळा. किती टक्के लोकांना फायदा होतो, याचं उत्तर केस देऊच शकत नाही, त्यासाठी मोठ्या चाचण्या लागतात. केस सिद्धान्ताला तपासते. सिद्धान्त म्हणतो की आधी राग व्यक्त होईल, मग दुःख हलकं होईल. या क्लायंटच्या नोंदीत क्रम उलटा दिसला, तर सिद्धान्तात दुरुस्ती हवी. अशा अनेक केसेस शेजारी ठेवल्या की त्या दुरुस्तीला बळ येतं. म्हणूनच फसलेल्या केसेस छापणं इतकं गरजेचं आहे.

संमतीबद्दल एवढंच: उपचारांची संमती आणि छापण्याची संमती वेगळी. छापण्याची संमती दोनदा घ्या, सुरुवातीला आणि मजकूर पूर्ण झाल्यावर, क्लायंटला तो वाचायला देऊन. गाव आणि व्यवसाय बदलून भागत नाही, कारण तपशिलांच्या जुळणीवरून घरचे माणूस ओळखतात. जो तपशील बदलला की अर्थच बदलतो, तो बदलू नका, गाळून टाका. गाळल्यावर केसच उरत नसेल, तर ती छापू नका.