मुशीच्या पोटातली हवा

रिमोटवर पोहणारी शार्क, म्हणजे आपली मुशी, बांधायला घेतली की पहिला धसका असतो पाणी आत शिरण्याचा. पाणी अडवणं तसं सोपं. एक रबरी रिंग, थोडं इपॉक्सी आणि धीर एवढ्यावर भागतं. मॉडेल बिघडवते ती हवा. डब्यात कोंडलेली, सर्व्होच्या (शेपटी-पंख हलवणाऱ्या मोटरच्या) पोटात राहिलेली, कातडीखाली लपलेली. ती कुठे ठेवायची आणि कुठून हुसकायची हे ठरलं की मुशी निम्मी झालीच म्हणा.

पहिल्या मुशीसाठी लांबी ९० सेंटिमीटर धरा. त्याहून लहान केली तर डबा मावत नाही, मोठी केली तर रिक्षात मावत नाही. तिचं शरीर पाण्याने भरू द्यायचं. कोरडा राहतो तो फक्त मधला डबा, त्यात बॅटरी, रिसीव्हर आणि आर्डुइनो नॅनो, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड.

डबा ७५ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाच्या, ३ मिलिमीटर जाडीच्या पीव्हीसी पाइपचा, २२ सेंटिमीटर लांब. इथे हात आखडता घ्या. पाइपची लांबी एक सेंटिमीटरने कमी झाली की साधारण ३५ ग्रॅम शिसं वाचतं, कारण तेवढीच हवा बुडवावी लागत नाही. एका टोकाला सॉल्व्हंट सिमेंटने कायमची कॅप, दुसऱ्या टोकाला फ्लँज (रुंद सपाट कड) आणि त्यावर पारदर्शक ॲक्रिलिकचं झाकण, चार मिलिमीटरच्या सहा स्टेनलेस बोल्टांनी आवळलेलं. बरेच जण पाइपच्या आत बसणारा बुच करून त्याच्या कडेला ओ-रिंग घालतात. पाइपचं आतलं भोक कधीच पुरतं गोल नसतं, म्हणून तो बुच एका बाजूने दाबतो आणि दुसऱ्या बाजूने गळतो. सपाट फ्लँजवर सपाट झाकण बरं.

झाकणाला रिंगेची खाच कोरत बसू नका. वागळे इस्टेटला किंवा तुर्भ्याला साइनबोर्डवाल्यांकडे लेझर कटिंग होतं. ६ मिलिमीटरची तबकडी घ्या आणि तिच्यावर ३ मिलिमीटरच्या शीटचे दोन तुकडे, आतली चकती आणि बाहेरचं कडं, मध्ये ५.२ मिलिमीटरची फट ठेवून चिकटवा. ती फट म्हणजेच खाच. तिच्यात ४ मिलिमीटर जाडीची नायट्राइल ओ-रिंग बसते आणि पाव भाग दाबली जाते, हवी तेवढीच. बाजारात ३ मिलिमीटर म्हणून विकलेली शीट कधीकधी २.८ भरते, व्हर्निअर लावून बघा, तेवढ्याने बिघडत नाही. आणि कापल्या कापल्या चिकटवायला क्लोरोफॉर्म लावू नका. लेझरने तापलेल्या कडेत ताण राहतो आणि सॉल्व्हंट लागताच केसासारख्या चिरा पडतात. तुकडे ८० अंशांवर दोन तास ओव्हनमध्ये ठेवून ओव्हनमध्येच गार होऊ द्या, मग चिकटवा, तेही खिडक्या उघड्या ठेवून. बोल्ट समोरासमोरचे आवळायचे, ॲक्रिलिक फ्लँजला टेकलं की थांबायचं.

आता पहिली हवा. एक मीटर खोलीवर ७५ मिलिमीटरच्या तोंडावर जेमतेम साडेचार किलोचा भार येतो, आणि तो झाकण आणखी घट्टच करतो. म्हणजे खोलीचं भय नाही. भय आहे ठाण्याच्या एप्रिलचं. गच्चीवर ३८ अंशांत बंद केलेला डबा २८ अंशांच्या पाण्यात टाकला की आतल्या हवेचा दाब तीन टक्क्यांनी उतरतो. ऐकायला किरकोळ, पण ती ३३ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाएवढी ओढ आहे, आणि मुशी पृष्ठभागावर असतानाही ती ओढ लागतेच. रिंगेवर एखादा केस अडकलेला असेल तर पाणी तिथूनच आत येतं. उपाय साधा: कॅपला वॉशरवाला छोटा स्क्रू ठेवा, डबा दहा मिनिटं त्याच पाण्यात गार करा, कॅप पाण्याबाहेर धरून स्क्रू उघडून परत लावा. आत सिलिका जेलची पुडी हवीच. आपल्या दमट हवेत गार झालेल्या डब्याला आतूनच घाम फुटतो आणि माणूस गळती शोधत बसतो.

शेपटीचा आणि पंखांचा असे दोन्ही सर्व्हो डब्याबाहेर ठेवा. डब्यातून फिरता दांडा बाहेर काढण्याचा उपद्व्याप वाचतो. सर्व्हो २० ते २५ किलो ताकदीचे, धातूच्या गिअरचे, आयपी-६७, म्हणजे पाणी न शिरणारे, म्हणून विकले जाणारे घ्या. त्या आकड्यावर मात्र विसंबू नका. आत हवा आहे तोवर खोलीवर पाणी तिला ढकलतंच. केमिस्टकडून लिक्विड पॅराफिन आणा, वाडग्यात सर्व्हो पूर्ण बुडवा, खालचं झाकण सैल करून त्याला दोन-तीन मिनिटं इकडून तिकडे फिरवा. आधी बुडबुड्यांची माळ येते, मग एकेक, मग एखादाच चुकार. ते थांबले की तेलातच झाकण लावा. आत हवाच नाही, म्हणजे दाबाचा फरकही नाही. तेल विजेला अडवतं, सर्व्हो किंचित मंद होतो एवढंच.

सर्व्होच्या वायरी डब्यात जातात तिथे केबल ग्लँड (वायरीभोवती आवळणारं बूच) पुरत नाही. वायर कुठे सोलली असेल तर पाणी तांब्याच्या तारांमधल्या फटींतून, प्लास्टिकच्या आतून, वातीतून तेल चढावं तसं डब्यात पोचतं. ग्लँडच्या आतल्या बाजूला वायर एक सेंटिमीटर सोला, कथिल भरून टणक करा आणि तो भाग इपॉक्सीत बुडवा. सिलिकॉन वापरायचंच असेल तर न्यूट्रल क्युअर. व्हिनेगरसारखा वास येणारं तांबं खातं.

विजेचा भाग लवकर उरकतो. दोन १८६५० लिथियम सेल सिरीजमध्ये, सर्व्होंना ६ व्होल्ट, ५ अँपिअरचा बीईसी (बॅटरीचं व्होल्टेज उतरवून देणारा), नॅनोला बॅटरीतून थेट व्हीआयएन पिनवर, ग्राउंड सगळ्यांची एक. सर्व्होच्या ओळीवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. नॅनोही बीईसीवरच टाकला तर शेपटीच्या प्रत्येक झटक्याला व्होल्टेज बसतं, नॅनो रीसेट होतो आणि मुशीला उचकी लागल्यासारखी दिसते.

शार्कची शेपटी उभी, हलते आडवी. कणा २ मिलिमीटर पॉलिकार्बोनेटचा, त्यावर सनबोर्डच्या बरगड्या. हलवायचा तो फक्त मागचा एक तृतीयांश भाग. ०.१६ सेकंदांत ६० अंश फिरणारा सर्व्हो म्हणजे सेकंदाला ३७५ अंश, तेही हवेत. दोन्हीकडे ३० अंशांचा झोका सेकंदाला दीड वेळा मागितला तर मधल्या क्षणी २८३ अंशांचा वेग लागतो. पाण्यात त्याची मजल साधारण इथेच संपते. याहून जास्त मागितलं तर ठोके वाढत नाहीत, झोका आखूड होतो. रिमोटची स्टिक पुढे आणि मुशी जागच्या जागी थरथरतेय, याचं कारण बहुधा हेच. प्रोग्रॅममध्ये शेपटी डोलवणाऱ्या साइन लहरीचा कोन दर २० मिलिसेकंदांना थोडाथोडा वाढवत न्या. वेळ गुणिले वेग असं सूत्र लिहिलं तर स्टिक हलवताच कोन उडी मारतो आणि गिअरचा दात जातो. वळायचं असेल तर झोक्याचा मध्यच १५ अंश बाजूला सरकवायचा, वेगळं सुकाणू नको.

डोकं शेपटीइतकंच डोलत असेल तर शिसं पुढे घ्या आणि छातीजवळचं शरीर उंच, भरदार ठेवा. शेपटीच्या पात्यासाठी ३ मिलिमीटर रबर, मुळाशी आणखी एक थर. फार कडक पातं सर्व्होला दमवतं, फार मऊ पातं पाण्याला नुसतं गोंजारतं.

रेडिओला मात्र हवाच लागते. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल वीतभर पाण्यात विरतो. आपल्याकडे २७ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना आहे, आणि त्या जुन्या खेळण्यांचे संच गोड्या पाण्यात बरेच खोल पोचतात, पण ते धड मिळत नाहीत आणि मिळाले तर चॅनेल अपुरे. म्हणून अँटेनाची केबल पाठीवरच्या पंखातून वर नेऊन टोकाचा ३१ मिलिमीटरचा उघडा भाग पंखाच्या शेंड्याजवळ, इपॉक्सीत बंद करून ठेवायचा. पंख पाण्याबाहेर काढून पोहणारी शार्क दिसतेही झकास. बुडी घड्याळावर सोडायची: बटण दाबलं की नॅनो छातीचे पंख १५ ते २० अंश खाली करतो आणि चार सेकंदांनी स्वतःहून वर करतो. सेकंदाला ४० सेंटिमीटर वेग धरला तर तेवढ्यात ४०-५० सेंटिमीटर खोली मिळते. एरवी अर्धा सेकंद सिग्नल नसेल तर पंख वर. काही रिसीव्हर सिग्नल गेल्यावरही शेवटचाच हुकूम पाठवत राहतात. ट्रान्समीटरवर फेलसेफ (सिग्नल गेल्यावर काय करायचं ते ठरवणारी सोय) लावून टबात तपासल्याशिवाय तलावाकडे फिरकू नका.

खऱ्या शार्कला पोहण्याची पिशवी नसते. तेलकट यकृत असूनही ती थांबली की खाली जाते. आपली थांबली की वर यायला हवी, १० ते २० ग्रॅमांच्या उचलीने. इथे शेवटची आणि सगळ्यांत कावेबाज हवा भेटते. कातडी चारही बाजूंनी ताणणाऱ्या लायक्राची असते, ठाणे स्टेशनजवळच्या कापडाच्या दुकानांत मिळते. ओली लायक्रा हवा सोडत नाही. समजा पाठीखाली १०० मिलिलिटर हवा राहिली आणि तुम्ही शिसं लावून उचल ८ ग्रॅमांवर आणली. एक मीटर खाली ती हवा ९ मिलिलिटरने आकसते. उचल संपली, मुशी तळाला, आणि बॅटरी उतरल्यावरही तिथेच. म्हणून पाठीच्या मध्यरेषेवर दर ८ सेंटिमीटरला ६ मिलिमीटरची आयलेट (धातूच्या कड्याची भोकं) ठोका, पोटाला तेवढीच. पाण्यात टाकून तिला उलटी करा, सुलटी करा, कणकेसारखी मळा. गप्प झाली असं वाटलं की शेपटीचं मूळ चिमटीत धरून दाबा. तिथून हमखास एक मोठा बुडबुडा येतो. वर उचल म्हणून फोम लागलाच तर थर्माकोल नको, त्याच्या दाण्यांमध्ये पाणी मुरतं. एक्सपीएस (बंद पेशींच्या फोमची) शीट चालते.

शिशासाठी टायरवाल्याकडच्या चिकट पट्ट्या उत्तम, ५-५, १०-१० ग्रॅमांचे तुकडे मोडून घेता येतात. अशा मुशीला चारशे ते पाचशे ग्रॅम लागतात, सगळे डब्याखाली, म्हणजे ती कुशीवर वळत नाही. बाहेर लावलेलं १०० ग्रॅम शिसं पाण्यात ९१ ग्रॅमच भरतं, हे हिशोबात धरा. आणि नळाच्या पाण्यात साधलेला तोल खाडीत चालत नाही. खारं पाणी साधारण अडीच टक्के जड. खाडीचा विचारच सोडा. मिठाच्या पाण्यात रेडिओ आणखी लवकर मरतो, भरती-ओहोटीची ओढ असते, आणि ठाणे खाडीच्या गाळात गेलेली वस्तू गाळाचीच.

ठाणे तलावांचं शहर असलं तरी मासुंदा किंवा उपवनला पहिली चाचणी घेऊ नये. पाणी गढूळ, त्यात मासुंद्याला बोटी. घोडबंदर रोडवर सोसायट्यांचे स्वच्छ निळे पूल आहेत; कमिटीला विचारून, पोहणारे यायच्या आधी, पहाटे जा. पाठीवरच्या पंखाच्या मुळाशी मासेमारीची नायलॉन दोरी बांधा आणि पहिला दिवस ती सोडू नका.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवून लायक्रा काढून वाळवा, क्लोरीनने ती पिवळी पडते. झाकणाच्या आत टिश्यू पेपरची पट्टी ठेवा, तिच्यावर शाईच्या पेनाने एक रेघ. ॲक्रिलिकमधून दिसते. रेघ फुटली असेल तर बोल्ट आणखी आवळू नका, रिंग काढून बोटाने चाचपा. खाचेत लायक्राचा एखादा धागा सापडेल.