इनो सेटअप आणि फसवा शून्य

विंडोजच्या प्रोग्रामसाठी इन्स्टॉलर बनवणाऱ्या इनो सेटअपची खिडकी उघडून हाताने इन्स्टॉलर बांधणे मी बरीच वर्षे केले. मात्र रात्री आपोआप चालणाऱ्या बिल्डमध्ये, म्हणजे प्रोग्राम बांधण्याच्या प्रक्रियेत, बटण दाबायला कोणी नसते, तेथे त्याच संचातील आयएससीसी हा कमांड लाइनवरचा कंपायलर वापरावा लागतो. आवृत्तीचा क्रमांक ‘डी’ या पर्यायाने बाहेरून देता येतो आणि ‘क्यू’ दिल्यास लॉगमध्ये केवळ चुकांचे संदेश उरतात.

खरी गोम एक्झिट कोडमध्ये, म्हणजे काम संपताना प्रोग्राम परत करतो त्या निकालाच्या आकड्यात, आहे. काम यशस्वी झाले तर हा कंपायलर 0 परत करतो, पर्याय चुकले किंवा अंतर्गत बिघाड झाला तर 1, आणि कंपाइल फसले तर 2. एकामागून एक कमांड चालवणाऱ्या माझ्या बॅच फाइलमध्ये कंपायलरच्या ओळीनंतर लगेच इन्स्टॉलर सर्व्हरवर नेणारी कॉपीची कमांड होती. एकदा कंपाइल फसले, पण आदल्या दिवशीची फाइल फोल्डरमध्ये तशीच पडून असल्याने कॉपी सुरळीत झाली, शेवटच्या कमांडचा 0 हाच साऱ्या बिल्डचा निकाल ठरला आणि दोन दिवस आम्ही जुनाच इन्स्टॉलर नवा समजून तपासत बसलो.

आता मी कंपायलरच्या ओळीखालीच एररलेव्हल (बॅच फाइलमध्ये एक्झिट कोड याच नावाने मिळतो) तपासतो आणि बिल्ड सुरू होताच आउटपुटचा फोल्डर रिकामा करतो. यांपैकी दुसरी सवय मला अधिक भरवशाची वाटते.